भिंतीच्या बदल्यात झाड

दीर : ...म्हणून मी मासिकवाल्यांना छातीठोक सांगितलं, वहिनी, की आमच्या दादाच्या घरात या, आणि आत कुठे संपतं नि बाहेर कुठे सुरू होतं ते नुसतं बोट ठेवून दाखवा. दाखवलंत तर मी घरं सजवायचा धंदा सोडतो.

वहिनी : बारक्या, जरा पाय वर घे.

दीर : का?

वहिनी : बेडूक आहे. नाही, उजवा नको, डावा.

दीर : हा इथे कसा आला?

वहिनी : त्यालाही समजत नाहीये ना, आत कुठे सुरू होतं ते.

दीर : तू चेष्टा कर. पण मला सांग, या हॉलमध्ये उन्हाळ्यात असा वारा कधी आला होता? आधी काय होतं इथे? भट्टी. पंख्याखाली बसायचं आणि पंख्याला शिव्या घालायच्या. आता बघ, समोरची अख्खी बाजू मोकळी. बाग सरळ सोफ्यापर्यंत.

वहिनी : वारा आहे, नाही कोण म्हणतं? काल तुझ्या दादाचा इस्त्रीचा शर्ट उचलून वाऱ्यानं भाजीच्या पातेल्यात घातला. मी झाकण ठेवायला वळले तेवढ्यात.

दीर : तो क्रॉस व्हेंटिलेशनचा जोर आहे.

वहिनी : शर्टाला सांगते तसं.

दीर : आणि ही फरशी बघ. आत तीच, बाहेर तीच, मधे उंबरा नाही, पट्टी नाही. याला फ्लो म्हणतात.

वहिनी : तुझ्या त्या फ्लोनं कामाची बाई गेली माझी.

दीर : सोडून गेली?

वहिनी : सोडून नाही, झाडत गेली. झाडू कुठे थांबवायचा तेच तिला उमगेना. हॉल झाडला, मग ओटा, मग पायवाट, फाटकापर्यंत गेली, तिथे झाडू टेकवून ठेवला आणि तशीच पुढे घरी गेली. भांडी राहिली. पोस्टमन थेट स्वयंपाकघरात आला, पत्र दिलं, माठातलं पाणी घेतलं, आणि जाताना म्हणाला, मीठ जरा कमी वाटतंय बघा वासावरून.

दीर : म्हणजे माणसांना यावंसं वाटतंय. घर बोलावतंय.

वहिनी : दुसरीकडून यायला जागा कुठे ठेवलीस? पुढचं दार बुजवलंस आणि तिथे पुस्तकांचं कपाट बसवलंस.

दीर : घराला दोन तोंडं नकोत, वहिनी. घराचा चेहरा बागेकडे पाहिजे.

वहिनी : कपाट छान आहे. पण बाहेर बेल तशीच राहिलीय. लोक बेल वाजवतात आणि भिंतीसमोर उभे राहतात. तुझ्या दादाच्या ऑफिसातला एक माणूस भिंतीला नमस्कार करून परत गेला.

दीर : बेल काढून टाकू.

वहिनी : आणि खिडक्या? त्यांना एक एक अखंड काच लावलीस. कड्या नाहीत, काही नाही. उघडायच्या कशा?

दीर : उघडायच्या कशाला? एवढी मोठी बाजू उघडी असताना खिडकीचं काय काम? त्या नुसत्या उजेडासाठी.

वहिनी : बरं. मग ही मोठी बाजू लागायची कधी? काचेची दारं नुसती त्या कोपऱ्यात घडी घालून उभी आहेत, बसवली त्या दिवसापासून.

दीर : ट्रॅकमध्ये कचरा अडकलाय ग. माणूस पाठवतो. पण उन्हाळ्यात हे दार लावायचं नसतंच. लावलं की ती नुसती काच झाली.

वहिनी : तुझा दादा रोज रात्री इथे सोफ्यावर झोपतो. उशाशी छत्री घेऊन.

दीर : छत्री कशाला?

वहिनी : चोर आला तर म्हणे. मी म्हटलं, चोर काय पाऊस आहे?

दीर : दादा पहिल्यापासून भित्राच. बरं, तू आज तुझ्या मावशीकडे जाणार होतीस ना? मी गाडी बोलावू का? ऊन वाढायच्या आत पोचशील.

वहिनी : नाही गेले. मासिकवाले येणार, घराचे फोटो काढणार, आणि घरात बाईमाणूस नाही, बरं दिसतं का?

दीर : फोटोला रिकामं घरच बरं असतं. माणसं असली की नजर माणसांवर जाते.

वहिनी : मी दिसणार नाही एवढी काळजी घेईन. कोठीच्या खोलीत बसेन मशीनवर. तशीही तिथेच असते. ते जाऊ दे, हा दोर कसला बांधलायस? सकाळी उठले तर या कोपऱ्यातल्या घडीच्या दारांना बांधलेला, आणि सबंध हॉलच्या तोंडावरून आडवा, त्या टोकाकडून थेट कुंपणापलीकडे गेलाय. वाकून जावं लागतं.

दीर : तो ना, फोटोसाठी. दिव्यांची माळ सोडायचीय त्यावर.

वहिनी : असल्या दोरानं जहाजं बांधतात, बारक्या.

दीर : मजबूत असलेला बरा. आणि दारांची चौकट अशी आहे की हत्ती बांधला तरी हलणार नाही.

वहिनी : असेल. मी टॉवेल वाळत घातलेत त्यावर. आयती सोय झाली.

दीर : टॉवेल काढ, वहिनी. मासिकात टॉवेल?

वहिनी : काढते. आणि कुंपणाला हा बांबूचा पडदा कधी लावलास? पलीकडचं काही दिसत नाही. त्यांच्या गुलमोहराचं खोडही दिसत नाही, वरचं तेवढं दिसतं.

दीर : शेजारचं फोटोत येऊ नये म्हणून. आजच्यापुरताच.

वहिनी : हा घुर्र आवाज ऐकतोयस? मघापासून चाललाय.

दीर : शेजारच्या काकूंचा मिक्सर असेल.

वहिनी : एवढा वेळ? एकट्या राहतात. काय वाटतात, दगड?

दीर : मला काय माहीत. चहा ठेवतेस का?

वहिनी : ठेवते. थांब जरा, बघू दे. आज झाडाला वारा भारी लागतोय, नाही? बाकी एक पान हलत नाही कुठे, आणि गुलमोहर मात्र असा थरथरतोय. फुलं तर बघ किती गळतायत.

दीर : ऋतूच आहे त्यांचा.

वहिनी : मी तुला इतकी बोलते, बेडूक म्हणते, बाई गेली म्हणते, पण मनावर घेऊ नकोस हं. सौदा माझ्या फायद्याचाच झालाय.

दीर : कसला सौदा?

वहिनी : विसरलास? भिंत पाडू या म्हणालास तेव्हा मी चार दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. माझं मशीन होतं त्या भिंतीला. वर एवढीशी खिडकी, तिच्यातून गुलमोहराची एकच फांदी दिसायची. उन्हाळा आला की ती लाल व्हायची, आणि कापडावर असा लाल उजेड पडायचा. बायका म्हणायच्या, अहो, मी पांढरं कापड दिलं होतं, हे गुलाबी कसं? मी म्हणायची, घरी नेऊन बघा. मग तू आलास, माझ्या मशीनच्या स्टुलावर बसलास आणि म्हणालास, वहिनी, तू भिंत दे, मी तुला अख्खं झाड देतो.

दीर : म्हणालो होतो.

वहिनी : त्यावर दिली मी भिंत. दुसऱ्या कोणाला दिली नसती. आता कोठीत पिंपांच्या मधे शिवते, सुई ओवायला टॉर्च लागतो, पाठीचं पार धनुष्य झालंय. पण दुपारचा चहा घेऊन इथे येते, आणि अख्खं झाड बघते. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. म्हणते, दिलं ते योग्य दिलं.

दीर : वहिनी, गाडी बोलावतोच मी. मावशी वाट बघत असतील.

शेजारीण : येऊ का हो? की आलेच मी? तुमच्याकडे समजतच नाही.

वहिनी : या काकू, या. दोराखालून वाका, डोक्याला लागेल. बसा.

शेजारीण : बसत नाही. गॅसवर दूध ठेवून आलेय, बारीक आहे गॅस, पण तरी. म्हटलं आधी आभार मानावेत. तुम्ही किती मोठ्या मनाच्या हो.

वहिनी : मी? कशाबद्दल?

दीर : काकू, चहा घेता? वहिनी चहा ठेवणारच होती. वहिनी, तू आत जा, चहा ठेव.

शेजारीण : चहा नको. झाडाबद्दल म्हणते मी. मी तुमच्या या दिरांना म्हटलं होतं, झाड माझ्या आवारात असलं तरी सावली त्यांच्याकडे जाते, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. हे म्हणाले, वहिनीला विचारलंय. वहिनी म्हणाली, खुशाल पाडा, नुसता कचरा पडतो त्याचा.

वहिनी : कचरा.

शेजारीण : असंच म्हणालात ना?

वहिनी : बारक्या, तो मिक्सर आत्ताच थांबला का रे?

दीर : वहिनी, मी संध्याकाळी सगळं नीट सांगणार होतो.

वहिनी : संध्याकाळी म्हणजे मी मावशीकडून आल्यावर. काकू, कधी पाडतायत?

शेजारीण : आत्ताच हो. माणसं सकाळपासून लागलीयत. खोडाचं बरंचसं झालंय म्हणाले, आता पाचर मारायची राहिलीय. तुम्हाला आवाज नाही आला?

वहिनी : आला. मला वाटलं तुम्ही दगड वाटताय.

शेजारीण : तुम्हाला माहीत नव्हतं.

वहिनी : नाही.

शेजारीण : अगबाई. मग मी थांबवते त्यांना. आत्ता जाऊन सांगते.

दीर : आता नाही थांबवता येणार, काकू. अर्ध्याच्या वर कापलंय. आता तसंच सोडलं तर कोणाच्या डोक्यावर पडेल ते सांगता येत नाही.

वहिनी : असं कसं हो काकू? तुमच्या कशाच्या आड येत होतं ते झाड?

शेजारीण : आता सांगू की नको?

वहिनी : सांगा. आज सगळे सांगतायतच.

शेजारीण : तुमच्या आड येत होतं.

वहिनी : आमच्या?

शेजारीण : त्याचं असं आहे बघा. मी आधी राहायची ना, त्या इमारतीत माझ्या खिडकीसमोर पाण्याची टाकी होती. मिस्टर गेल्यावर त्या टाकीशी बोलायची पाळी आली माझ्यावर. इथे घर घेतलं आणि तुमच्या दिरांना काम दिलं, तेव्हा हे म्हणाले, काकू, बाहेरचं आत आणू, फुलं आणू, वेली आणू. मी म्हटलं, फुलांना काय करू? माणसं आणा. सकाळ-संध्याकाळ कोणीतरी वावरताना दिसलं की पुरे. पण समोर तर नुसती भिंत होती तुमची, एवढीशी खिडकी नि भिंत. मी म्हटलं, भिंत दिसते हो. तर हे म्हणाले, ती काढू आपण.

वहिनी : काय म्हणाले?

शेजारीण : ती काढू आपण. 'आपण' म्हणाले, म्हणून मला वाटलं तुमचं घरात बोलणं झालंय.

दीर : काकू, दूध बघता का जरा?

शेजारीण : बारीक आहे हो गॅस. मग भिंत गेली, आणि मला तुमचं घर दिसायला लागलं. किती बरं वाटतं म्हणून सांगू. काल तुमच्या मिस्टरांनी दोनदा भात घेतला, माझ्या जिवाला समाधान झालं. मागे तुमची दोघांची काहीतरी बोलाचाली झाली ना, तुम्ही ताट सरकवून उठलात, त्या रात्री मीही जेवले नाही.

वहिनी : तुम्ही बघत होतात.

शेजारीण : तुम्ही दिसत होतात. बघते म्हटलं की वाईट वाटतं. फक्त मिस्टर त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले की त्यांचं डोकं नेमकं फांदीमागे जायचं. नुसता हात दिसायचा, भाताला जाताना. तेवढं मी यांना बोलून दाखवलं.

वहिनी : म्हणजे माझ्या नवऱ्याचं डोकं दिसावं म्हणून गुलमोहर पाडतायत.

शेजारीण : तुम्ही असं म्हटलंत की कसंतरीच वाटतं.

वहिनी : तुमचा काही दोष नाही, काकू. तुम्ही मला विचारलंत. तुमचं विचारणं माझ्यापर्यंत पोचलं नाही, इतकंच. बारक्या, इकडे बघ. आधी कोणाच्या घराचं ठरलं? काकूंच्या की आपल्या?

दीर : वहिनी, तू शांतपणे ऐकून घे.

वहिनी : शांतच आहे. कोणाचं?

दीर : काकूंचं.

वहिनी : म्हणजे तू त्या स्टुलावर बसून अख्खं झाड देतो म्हणालास, तेव्हा झाड पाडायचं ठरलेलं होतं.

दीर : ठरलं असं नव्हतं. चर्चेत होतं.

वहिनी : आणि भिंत आमच्या वाऱ्यासाठी पाडली नाहीस.

दीर : वाराही आला ना? दोन्ही झालं. एका कामात दोन घरांचं भलं. वहिनी, काकूंचा भाचा अख्खी वसाहत बांधतोय, रांगेनं घरं. काकूंचं घर त्याला आवडलं तर सगळ्यांचं काम माझं. किती वर्षं मी लोकांच्या कपाटांना मुठी बसवत फिरतोय? तूच म्हणायचीस, बारक्या, काहीतरी मोठं कर.

वहिनी : म्हणायचे.

दीर : मग मोठं करायला कुठून तरी सुरुवात करावी लागते.

वहिनी : घरातनं सुरुवात केलीत. तुमच्या दादांना माहीत होतं?

दीर : दादाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, वहिनीला तूच सांग. मी म्हटलं, नवरा तू, तू सांग. मग त्याला वाटलं मी सांगितलं, मला वाटलं त्यानं सांगितलं.

वहिनी : आणि मी काहीच बोलत नाही, म्हणजे मी आनंदात आहे, असं दोघांनाही वाटलं.

दीर : तसंच काहीसं.

वहिनी : तरी म्हटलं, छत्री कोणासाठी. मला वाटलं, बाहेरच्या चोरासाठी.

शेजारीण : मी जाते घरी. हे तुमचं घरातलं आहे.

वहिनी : थांबा काकू. घरातलं काय नि बाहेरचं काय, फरशी तीच आहे. भाऊजी, एक विचारू का तुम्हाला?

दीर : वहिनी, तुम्ही-तुम्ही करू नकोस. मी शाळेत होतो तेव्हापासून तू मला बारक्या म्हणतेस. भाऊजी काय?

वहिनी : माझ्या भिंतीचं परस्पर ठरवणाऱ्या माणसाला एकेरीत कशी बोलू? ओळख तेवढी नाही आपली. त्या भिंतीवर खाली, मशीनच्या पायापाशी, काय होतं आठवतं?

दीर : काय होतं? प्लॅस्टर निघालं होतं थोडं.

वहिनी : पेन्सिलीनं काढलेलं घर होतं. मी या घरात नवीन होते. तुम्ही माझ्या मशीनशेजारी जमिनीवर बसून अभ्यास करायचात, म्हणजे अभ्यास सोडून सगळं करायचात. एक दिवस भिंतीवर घर काढलंत. सासूबाई फडकं घेऊन धावल्या. मी म्हटलं, असू दे आई, तो मोठा होऊन घरंच बांधेल. नंतर जितक्यांदा रंग दिला, तितक्यांदा रंगाऱ्याच्या मागे उभी राहिले मी, तेवढा तुकडा सोड रे बाबा म्हणून. तुमचे शाळेचे कपडे त्याच्या शेजारी शिवले. कॉलेजातून पहिल्यांदा नापास होऊन आलात, तेव्हा त्याच्याकडेच तोंड करून बसला होतात.

दीर : वहिनी.

वहिनी : त्या घराला एक दार होतं. एक खिडकी होती. शेजारी झाड होतं. घणाचा पहिला घाव घातला तेव्हा तुम्ही इथेच होतात ना? बघितलंत तरी का एकदा खाली?

दीर : मी फोनवर होतो.

वहिनी : हो. कोणाला तरी सांगत होतात, व्ह्यू मोकळा होतोय म्हणून. मला वाटलं, माझ्याबद्दल बोलताय. किती कौतुकानं ऐकत होते मी. भिंत खिडकीपर्यंत पडली होती, मी सगळ्यांना चहा दिला.

शेजारीण : मी बघितलं ते. तुम्ही ट्रे घेऊन मातीतून चालत होतात. मला वाटलं, किती हौशी कुटुंब आहे.

दीर : वहिनी, मी दुसरं झाड लावून देतो. मोठं, तयार झाड मिळतं हल्ली, मुळांसकट. क्रेननं आणून बसवतात.

वहिनी : कुठे बसवाल? काकूंना पुन्हा ह्यांचं डोकं दिसणार नाही.

दीर : मग कुंड्या ठेवू. उभी बाग करू. किंवा भिंत पाहिजे असेल तर भिंत. मासिकाचं होऊ दे, मग मी स्वतः उभी करून देतो, होती तशी.

वहिनी : होती तशी.

दीर : अगदी होती तशी. खिडकीसकट.

वहिनी : आणि खिडकीत फांदी? असू दे. केसानं गळा कापतात असं ऐकलं होतं. आमच्याकडे करवत लागली, तीही फांदी-फांदीनं नाही, बुंध्यातून.

दीर : मासिकवाले आले वाटतं. गाडी थांबली फाटकात. वहिनी, मी पाया पडतो तुझ्या, आत्ता काही बोलू नकोस त्यांच्यासमोर. मी जाऊन त्यांना पलीकडे थोपवतो, आणि माणसांना सांगतो लवकर आटपा. झाड पडलं की लगेच पडदा काढतो कुंपणाचा. टॉवेल तेवढे काढ.

वहिनी : जा. वाकून जा, दोर आहे.

शेजारीण : माझ्यामुळे झालं हो सगळं.

वहिनी : तुमच्यामुळे नाही. तुम्हाला माणसं हवी होती. फाटकातून येऊन बेल दाबली असतीत तर रोज आले असते मी दार उघडायला. तेव्हा दार होतं.

शेजारीण : मला संकोच वाटायचा. बघायला संकोच नाही वाटत, यायला वाटतो.

वहिनी : आता आलाच आहात.

शेजारीण : तो दोर मात्र घट्ट बांधलाय ना? मला त्याचीच धास्ती.

वहिनी : दिव्यांच्या माळेची कसली धास्ती?

शेजारीण : माळ? अहो, तो झाडाचा दोर आहे. झाड माझ्या बाजूला पडताना एकदम आदळू नये, म्हणून मागून धरून ठेवायला. माणसं म्हणत होती, कुठल्या तरी दुसऱ्या झाडाला बांधू. तुमचे दीर म्हणाले, आमच्या दाराला बांधा, हत्ती बांधला तरी हलणार नाही.

वहिनी : या दारांना? जी सरकतात?

शेजारीण : ती अडकलीयत म्हणाले. कायमचीच.

वहिनी : काकू, इकडे या. सोफ्यामागे. या लवकर.

(कडकड असा लांबलचक आवाज. दोर ताणला जातो, टॉवेल उडतात. कोपऱ्यातली काचेची दारं घडी उलगडत, ट्रॅकवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात आणि बंद होतात. दोराबरोबर कुंपणाचा बांबूचा पडदाही खाली येतो.)

शेजारीण : पडलं.

वहिनी : हं.

शेजारीण : माझ्याच बाजूला पडलं. ठरल्याप्रमाणे.

वहिनी : फरशी बघा कशी पांढरी झाली एकदम. इतकी पांढरी मी पाहिलीच नव्हती. सावलीत लावली होती ना.

दीर : वहिनी, दार लागलं.

वहिनी : दिसतंय.

दीर : काय म्हणतेस? काचेतून नीट ऐकू येत नाही. दार उघड.

वहिनी : उघडत नाही.

दीर : जोर लाव.

वहिनी : लावतेय. काकूही लावतायत. छान घट्ट बसलंय. काम चोख आहे तुमचं.

दीर : मासिकवाले उभे आहेत इथे. त्यांना आतून बाहेरचा फोटो हवाय.

वहिनी : बाहेरून आतला काढा म्हणावं. आम्ही दोघी सोफ्यावर बसतो. देखावा म्हणून सवय झालीय आम्हाला.

दीर : वहिनी, असं काय करतेस? मला आत घे ना.

वहिनी : उन्हात उभे राहू नका, भाऊजी. सावलीत जा.

शेजारीण : सावली कुठे राहिलीय त्यांना?

वहिनी : ते त्यांना समजेल.

शेजारीण : रडतायत की काय? काचेतून नीट दिसत नाही. टॉवेल चिकटलाय मधे.

वहिनी : राहू दे टॉवेल.

शेजारीण : बरं, मी निघते आता. पुढच्या दारानं जाते.

वहिनी : पुढचं दार त्या पुस्तकांच्या कपाटामागे आहे. विटांनी बुजवलेलं.

शेजारीण : मग खिडकीतून? मी सडपातळ आहे.

वहिनी : नुसत्या काचा आहेत. उजेडासाठी.

शेजारीण : मग आपण दोघी?

वहिनी : बसा. हे येतील संध्याकाळी, काहीतरी करतील. छत्री आहे त्यांच्याकडे. चहा ठेवते तोवर.

शेजारीण : एक बाकी आहे. तुमच्या या सोफ्यावरून माझं घर किती स्वच्छ दिसतं हो आता. ती माझी खुर्ची. ते कपाट. स्वयंपाकाचा ओटासुद्धा दिसतो.

वहिनी : साखर किती घालू, काकू?

शेजारीण : दूध उतू गेलं माझं.